आधी सुटका, मग आज्ञा



हे व्याख्यान पंडिता रमाबाईंच्या स्मृतीला वाहिलेले आहे. त्यांच्या शारदा सदनाविषयी आणि केडगावच्या मुक्ती मिशनविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले. ज्या श्रद्धेच्या बळावर ते काम उभे राहिले, तिच्याविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही आणि बोललोच तर धर्मांतराच्या वादापुरते बोलतो. त्यामुळे विश्वास आणि तारण या ख्रिस्ती धर्माच्या दोन मूळ कल्पना चर्चेत नेहमी पुसट राहतात. आज त्या दोन कल्पनांचा एकमेकींशी नेमका संबंध काय, एवढाच प्रश्न मी घेणार आहे.

सर्वसाधारण समज असा आहे की, येशूला देवाचा पुत्र माना, म्हणजे पापांची क्षमा होईल आणि मेल्यावर स्वर्ग मिळेल, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. माणसाने विश्वास द्यायचा आणि देवाने तारण द्यायचे, असा जणू हा करार. ही समजूत केवळ बाहेरच्यांची नाही. अनेक चर्चमधल्या उपदेशांतूनही ती याच रूपात मांडली जाते. मग विचारी माणसाला साहजिकच वाटते की, हा व्यवहार फार स्वस्त आहे आणि अन्यायाचाही आहे. आयुष्यभर प्रामाणिकपणे जगलेला बाहेर राहणार आणि शेवटच्या घटकेला चार शब्द उच्चारणारा आत जाणार! माझे म्हणणे असे की, या समजुतीत क्रमच उलटा लागला आहे. बायबलमध्ये देवाची कृती आधी येते, माणसाचा भरवसा तिच्यामागून येतो आणि सत्कर्म त्या भरवशातून उगवते. हा क्रम नीट लक्षात घेतला, तर विश्वासाला किंमत म्हणता येत नाही आणि तारणाला मोबदलाही म्हणता येत नाही.

सुरुवात जुन्या करारापासून करायला हवी. ख्रिस्ती धर्म हा कृपेचा आणि यहुदी धर्म हा कर्माचा, अशी सोयीची वाटणी शेकडो वर्षे चालत आली आहे आणि तिने यहुदी लोकांवर मोठा अन्याय केला आहे. निर्गमाचा ग्रंथ उघडून पाहा. मिसर देशात गुलाम असलेल्या लोकांचा आक्रोश देवाला ऐकू येतो. बाराव्या अध्यायात वल्हांडणाची रात्र आहे, चौदाव्यात समुद्र दुभंगतो, सोळाव्यात रानात खायला मान्ना मिळतो. दहा आज्ञा येतात त्या विसाव्या अध्यायात, तेव्हा मिसर कधीच मागे पडलेला असतो. त्या आज्ञांचे पहिले वाक्यही आज्ञार्थी नाही. ज्याने तुम्हाला दास्यातून बाहेर आणले तोच मी, अशी देव तिथे आधी ओळख देतो. आज्ञा पाळल्या म्हणून कोणी सुटले नाही. सुटलेल्या लोकांनी कसे जगावे, हे सांगण्यासाठी आज्ञा आल्या. ते लोक फार श्रद्धावान होते असेही नाही, कारण समुद्राच्या काठावर मिसरी सैन्य दिसताच ते आपला नेता मोशे याच्यावर उखडले होते. ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने 1977 साली ‘पॉल अँड पॅलेस्टिनियन ज्युडाइझम’ या ग्रंथात येशूच्या काळाच्या आसपासचे यहुदी साहित्य तपासून दाखवले की, त्या धर्मातही देवाची निवड आधी होती आणि नियमशास्त्राचे पालन हे त्या नात्यात टिकून राहण्याचे साधन होते. सँडर्सच्या काही निष्कर्षांवर पुढे मतभेद झाले, तरी जुनी वाटणी त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहू शकली नाही, हे चांगलेच झाले.

यहुदी धर्मातही देवाची निवडच आधी होती, तर मग प्रेषित पौल आपल्या पत्रांत कोणाशी भांडत होता? गलतीया प्रांतातल्या मंडळीत काही शिक्षक आले आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगू लागले की, सुंता करून घेतल्याखेरीज तुम्ही देवाच्या लोकांत खऱ्या अर्थाने येत नाही. पौलाचे उत्तर तीव्र आहे, पण त्याचा पाया शांत हिशेबाचा आहे. तो अब्राहामाच्या चरित्राची पाने उलटून दाखवतो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. सुंतेची आज्ञा आली सतराव्या अध्यायात. मधल्या सोळाव्या अध्यायात इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा आहे आणि सुंता होते तेव्हा तो 99 वर्षांचा आहे. म्हणजे ज्या विधीला प्रवेशाची अट म्हटले जात होते, तो विधी होण्याच्या किमान 13 वर्षे आधी मूळपुरुष स्वतः आत आलेला होता! सीनाय डोंगरावर मिळालेले नियमशास्त्र तर वचनाच्या 430 वर्षांनंतरचे, असे पौल गलतीकरांना बजावतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो हाच मुद्दा सविस्तर मांडतो. कुठे जन्मलो, कोणत्या खुणा अंगावर आहेत, कोणते विधी झाले, यांपैकी काहीही देवाला बांधून ठेवू शकत नाही. विश्वास हे या सगळ्याच्या जागी आणलेले आणखी एक पात्रतेचे प्रमाणपत्र असते, तर पौलाच्या साऱ्या युक्तिवादाला अर्थच उरला नसता.

इथे नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा आधार घेऊन आक्षेप घेतला जातो. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे याकोब म्हणतो आणि तोही अब्राहामाचेच उदाहरण देतो. धर्मसुधारक ल्यूथरला हे पत्र फारसे रुचले नव्हते, हे प्रसिद्ध आहे. पण याकोब कोणता प्रसंग घेतो ते पाहावे. तो घेतो उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातला, मोरिया डोंगरावर मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवल्याचा. पंधरा, सतरा, बावीस हा क्रम दोघांनाही मान्य आहे. पौल पंधराव्या अध्यायावर बोट ठेवून सुरुवात कशाने झाली ते सांगतो आणि याकोब बाविसाव्यावर बोट ठेवून ती सुरुवात खरी होती हे कशावरून कळले ते सांगतो. देव एकच आहे एवढे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असा टोला याकोबाने आपल्या त्याच पत्रात मारला आहे. नुसत्या मान्यतेला विश्वास म्हणायचे नाही, यावर पौलाने त्याच्याशी वाद घातला नसता.

हाच क्रम एका माणसाच्या घरात कसा दिसतो ते लूकच्या शुभवर्तमानात पाहायला मिळते. यरीहो शहरातला जक्कय हा मुख्य जकातदार, म्हणजे रोमी सत्तेसाठी वसुली करून गबर झालेला माणूस. ठेंगणा असल्यामुळे तो उंबराच्या झाडावर चढून येशूला पाहतो. येशू झाडाखाली थांबतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगतो. पश्चात्ताप केलास का, किती लुबाडलेस, यापुढे कसा वागशील, यातले काहीच तो विचारत नाही. लोक कुरकुरतात. त्यांच्या मते हे आदरातिथ्य शुद्ध झालेल्या माणसाच्या वाट्याला यायला हवे होते. त्यानंतर जक्कय उभा राहतो आणि निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे व कोणाचे फसवून घेतले असेल तर चौपट परत करण्याचे बोलून दाखवतो. या चौपटीकडे थोडे जवळून पाहू. गणनाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे स्वतःहून अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढेच भरायचे असते. मेंढरू चोरून कापले किंवा विकले तर एकाची चार भरून द्यायची, हा निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातला चोराचा दंड आहे. जक्कयने कबुली देणाऱ्याची सवलत घेतली नाही, चोराची शिक्षा स्वतःला लावून घेतली. कायद्याने, धाकाने किंवा बहिष्काराने हे त्याच्याकडून होत नव्हते. कोणतीही अट न घालता कोणी त्याच्या घरी जेवायला आले, तेव्हा ते झाले.

काही अभ्यासकांचे म्हणणे आहे की, जक्कय इथे पुढचा संकल्प सांगत नसून आपली नेहमीची वागणूक सांगतो आहे. मूळ ग्रीकमधील वर्तमानकाळामुळे त्याला वाव मिळतो. तसे असेल तर माझ्या क्रमाला धक्का बसतो. पण प्रसंगाचा शेवट हरवलेल्याला शोधून तारण्याच्या वाक्याने होतो आणि जक्कय मुळात हरवलेलाच नसेल तर ते वाक्य तिथे लटकते राहील. म्हणून मला रूढ अर्थच पटतो. या घराला आज तारण झाले, असे येशू म्हणतो. तारण म्हणजे मेल्यानंतरची व्यवस्था, एवढाच अर्थ धरणाऱ्यांनी त्यातल्या ‘आज’कडे पाहावे. यरीहोतल्या ज्या घरांतून जास्तीची जकात उकळली गेली होती, त्या घरांपर्यंत त्या तारणाचा पैसा पोचणार होता.

आता रमाबाईंकडे येतो, कारण विश्वास आणि मान्यता यांतले अंतर त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्या भारतीयांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा, व्रते, दाने आणि पुराणकथन यांत आयुष्य घालवत देशभर फिरले. दुष्काळाच्या दिवसांत, 1874 च्या सुमारास, आईवडील गेले. पुण्याचा जो साठा करण्यात सगळे वेचले होते, तो उपयोगी पडला नाही हा घाव त्या मुलीच्या मनावर राहिला. पुढे शास्त्रे वाचताना, स्त्रीला मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाही, तिचा मार्ग पतीच्या भक्तीतून जातो, हे त्यांना जागोजागी आढळले. म्हणजे मुक्तीला जन्माची अट होती. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील एका संस्थेत पाठवले होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा दिला जात असे. अशा स्त्रियांची सेवा कोणी का करावी, या रमाबाईंच्या प्रश्नाला एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवून उत्तर दिले. पाच नवरे झालेल्या त्या स्त्रीशी येशू आधी बोलतो आणि पाणी मागतो. तिच्या आयुष्याचा विषय त्यानंतर निघतो.

बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचा शोध संपला नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून जो पत्रव्यवहार झाला, तो प्रसिद्ध आहे. केवळ कोणी सांगते म्हणून काही मानायला त्या तयार नव्हत्या. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की, बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षे ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य वाचून काहींना वाटते की, त्यांचे पहिले धर्मांतर उथळ होते. मला तसे वाटत नाही. त्या आठ वर्षांत त्यांनी पुस्तके लिहिली, अमेरिकेत निधी जमवला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. मान्यतेत आणि कृतीत काहीच उणे नव्हते. उणे होते ते हे की, आपण अजून पुरेसे योग्य झालेलो नाही, ही जुनी धास्ती नव्या धर्मातही त्यांच्यासोबत आली होती. तारणासाठी काहीही साठवायचे नाही, ते आधीच दिलेले आहे, हे 1891 च्या सुमारास त्यांना उमजले. त्यानंतर त्यांचे काम आटले नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या, केडगावला मुक्ती उभी राहिली आणि तिथेच पुढे कृपासदन निघाले, फुलमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्या स्त्रियांसाठी.

पाश्चात्त्य चर्चच्या इतिहासात, आधी देवाची कृती की माणसाची, हाच प्रश्न दोनदा निर्णायक रीतीने उपस्थित झाला. पाचव्या शतकात पेलागियस म्हणाला की, देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात असलीच पाहिजे. ऑगस्टीनने त्याला विरोध केला आणि 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पेलागियसविषयी आपण घाईने वाईट मत करून घेऊ नये, कारण रोममधली सैल नीती पाहून तो अस्वस्थ झालेला गंभीर माणूस होता. पण त्याच्या मार्गात पडलेल्या माणसाला उठवणारे कोणी नव्हते. सोळाव्या शतकात ल्यूथर हा स्वतः ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघाचा संन्यासी. उपास, जागरणे, वारंवार पापनिवेदन करूनही त्याला शांती नव्हती आणि रोमकरांस पत्र शिकवताना त्याच्या हाती पौलाचा तो क्रम लागला. 1517 मध्ये पापदंडाच्या माफीपत्रांच्या विक्रीवर त्याने 95 मुद्दे मांडले. त्यातून युरोप दुभंगला. आपण दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ट्रेंटच्या परिषदेने 1547 च्या जानेवारीत काढलेल्या निर्णयात स्पष्ट म्हटले आहे की, नीतिमान ठरण्याआधीची कोणतीही गोष्ट, विश्वासही आणि कर्मेही, त्या कृपेला पात्र करत नाही. दोन्ही बाजू मुळाशी इतक्या जवळ असूनही चार शतके एकमेकांना शाप देत राहिल्या. अखेर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्तावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथॉडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चही त्यात सामील झाली. चर्चच्या इतिहासातली ही मला फार मोलाची घटना वाटते आणि आपल्याकडच्या मंडळ्यांत तिची चर्चा क्वचितच होते, याची खंतही वाटते.

या मांडणीवर सर्वांत जुना आक्षेप खुद्द पौलानेच नोंदवला आहे. कृपा फुकट असेल तर खुशाल पाप का करू नये? रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय याच प्रश्नाने उघडतो. हा प्रश्न विचारला गेला, यावरूनच पौल काय शिकवत होता ते कळते. सत्कर्माने स्वर्ग मिळतो असे शिकवणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. पौलाचे उत्तर असे की, सुटका झालेला गुलाम पुन्हा त्याच मालकाच्या दारात जाऊन राहात असेल, तर त्याची सुटका झालीच नाही. तरी हा धोका काल्पनिक नाही, हे मान्य केले पाहिजे. हिटलरच्या जर्मनीत ल्यूथरचे नाव घेणारे असंख्य लोक क्षमेचे आश्वासन घेऊन रविवारी घरी जात होते आणि शेजाऱ्याच्या छळाकडे पाठ फिरवत होते. डीट्रिख बॉनहोफर या जर्मन पाद्र्याने 1937 मध्ये त्याला स्वस्त कृपा म्हटले आणि तो स्वतः 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत फाशी गेला. बॉनहोफरने ल्यूथरचा सिद्धान्त सोडला नाही. त्याचा आरोप असा होता की, लोकांनी ल्यूथरचा निष्कर्ष उचलला आणि त्यालाच आपला आरंभबिंदू केले.

दुसरा आक्षेप आपल्या भूमीतला आहे आणि तो जास्त खोल आहे. कर्मसिद्धान्त माणसाला सांगतो की, पेरलेले उगवणारच आणि त्यात एक कठोर न्याय आहे. क्षमेने तो न्याय मोडत नाही का? येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराचा प्रसंग या दृष्टीने वाचावा. येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन देतो, पण त्याला वधस्तंभावरून उतरवत नाही. तो मरतो आणि आपल्याला मिळते आहे ते आपल्या कृत्यांचे फळ आहे, असे तो स्वतःच म्हणतो. क्षमा कृत्याचे परिणाम पुसत नाही, तशीच ती जक्कयची भरपाई माफ करत नाही. माणूस म्हणजे त्याच्या कृत्यांची बेरीज, एवढे मात्र ती नाकारते. शिवाय देवाची पकड की माणसाची पकड, हा वाद भारताला परका नाही. श्रीवैष्णवांमध्ये माकडिणीला बिलगणारे पिलू आणि मांजरीने तोंडात धरून नेलेले पिलू या दोन न्यायांवरून शतकानुशतके मतभेद झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक सांगत. या परंपरा एकच आहेत असे मी म्हणणार नाही, कारण ख्रिस्ती तारण एका विशिष्ट माणसाच्या इतिहासातल्या मरणाशी आणि पुनरुत्थानाशी जोडलेले आहे. पण कृपेची कल्पना समजायला मराठी माणसाला युरोपात जावे लागत नाही.

तिसरा आक्षेप तर्काचा आहे. कर्मांच्या जागी विश्वासाची अट आली, तर विश्वास हेही एक कर्मच झाले! 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने याला उत्तर दिले की, विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो की, मग एकाला विश्वास होतो आणि दुसऱ्याला का होत नाही. यावर प्रॉटेस्टंट चर्च 1618-19 मध्ये डॉर्टच्या परिषदेत पुन्हा विभागली गेली आणि मला त्यातले कोणतेच उत्तर पूर्ण पटलेले नाही. ज्यांनी येशूचे नाव ऐकले नाही त्यांचे काय, या प्रश्नाबाबत मात्र पौलाचे उदाहरणच पुरेसे बोलके आहे. त्याने विश्वासाचा नमुना म्हणून निवडलेला अब्राहाम येशूच्या अनेक शतके आधी होऊन गेला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, ख्रिस्ताची ओळख न झालेले पण मनापासून देवाला शोधणारे लोकही तारणाला पारखे नाहीत, अशी भूमिका घेतली, ती याच धाग्याला धरून आहे.

शेवटचा आक्षेप रमाबाईंच्या कामावरचा. 1893 मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, या वादातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मदत आणि धर्मप्रसार यांची सांगड हा आजही दुखरा विषय आहे. रमाबाईंनी प्रत्येक वेळी काय केले याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. पण ज्या कसोटीवर तो करायचा, ती कसोटी हाच सिद्धान्त पुरवतो. भाकरी, औषध, शाळा यांना बाप्तिस्म्याची अट लावली की, गलतीयातल्या शिक्षकांनी जे केले तेच पुन्हा होते. फक्त सुंतेच्या जागी दुसरा विधी येतो. अशी अट घालणारा मिशनरी शेजारधर्माचा अपराधी तर आहेच, पण त्याहून आधी तो स्वतः जे शुभवर्तमान सांगतो त्याचा अपराधी आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींना केडगावला प्रथम जेवण मिळाले, निवारा मिळाला, अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले. त्यांतल्या कोणी पुढे विश्वास ठेवला असेल, कोणी ठेवला नसेल. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे त्या जेवणाचा हक्क या दोघींनाही सारखाच होता.